‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेले

मध्यरात्री आईने हाक मारली. बाबांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध होऊ लागले होते. बाबा मधुमेही. रक्तातील साखर एकाएकी उतरल्यास काय करावे, याविषयीचा एक उत्तम लेख मला समाजमाध्यमावर दिसला होता आणि त्याचा दुवा मी जपून ठेवला होता, हे पक्के आठवत होते. लेखात काय होते, ते मात्र आठवेना. आठवणार कसे? तो मी वाचलाच नव्हता. मोबाइलवर शोधू लागलो, तर पाककृती, गुडघ्यांचे व्यायाम, मुलांच्या झोपेविषयीच्या चित्रफिती असे सारे वर येत राहिले. तोवर आईने पेल्यात साखर विरघळवून बाबांना पाजलीही होती.

दुसऱ्या दिवशी लेख सापडला. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजूनही कमी असल्यास तेच पुन्हा करावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाचायला दोन मिनिटेही लागली नाहीत. आठ महिने तो माझ्या खिशात होता!

दुवा साठवला की वाचल्याचेच समाधान मिळते, ही यातली खरी मेख. बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात लोकांना किरकोळ माहितीची वाक्ये संगणकावर टंकायला दिली होती. ती साठवली जाणार आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांना ती कमी आठवली. पुसली जाणार असे सांगितलेल्यांना अधिक. मनाने ओझे यंत्राकडे सोपवलेले असते. एरवी ही सोय चांगलीच आहे. प्रत्येक पाककृती तोंडपाठ कशाला हवी? पण ऐन वेळी जे हाताशी लागते, तेही आपण त्याच ढिगात लोटतो.

शिवाय तो ढीग कायमचा नसतो. लेख साठवण्याची ‘पॉकेट’ ही लोकप्रिय सेवा २००७ साली ‘रीड इट लेटर’, म्हणजे ‘नंतर वाचा’, याच नावाने सुरू झाली होती. जुलै २०२५ मध्ये ती बंद झाली.

हल्ली रविवारी सकाळी चहाबरोबर मी आठवड्याचे दुवे उघडतो. निम्म्याहून अधिक तर का ठेवले होते, हेच उमगत नाही. ते तिथेच पुसतो. घरातल्या कुणाच्या आजाराशी संबंधित लेख असेल, तर तो डॉक्टरांना दाखवून त्यातले मोजके कागदावर उतरवायचे, असे आम्ही ठरवले आहे. पहिला कागद आईच्या अक्षरात फ्रिजवर लागला आहे. साखरेचा डबा कोणत्या फळीवर असतो, हेही तिने शेवटी लिहिले आहे. ती ओळ माझ्यासाठी आहे.