जेवणाच्या टेबलाला पाडलेलं भोक

घरातलं उत्तमातलं उत्तम जेवणाचं टेबल निवडा, त्याला मधोमध भोक पाडा, वर काच ठेवा, काचेवर पारदर्शक कागद पसरा आणि खालून दिवा लावा. सावल्यांचा चित्रपट घरच्या घरी कसा काढावा हे सांगताना जर्मन ॲनिमेशनकार लोटे रायनिगर यांनी 1936 साली एका इंग्रजी सिने-त्रैमासिकात साधारण अशी सुरुवात केली होती. उत्तम टेबलाचा बळी मागण्यातला खोडसाळपणा सोडला, तर कृती शंभर टक्के खरी आहे. आज पाहायला मिळणारा जगातला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट, 1926 सालचा ‘प्रिन्स अख्मेद’, बाईंनी याच तत्त्वावरच्या टेबलावर केला.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या उभ्या पडद्यामागे नाचवून सावल्यांचा खेळ करतात. तिथे नाचणारी बाहुली हातातून सोडायची सोय नाही. रायनिगरबाईंनी पडदाच आडवा पाडला. काचेवर निजवलेली बाहुली आपसूक जागेवर राहते, दोन्ही हात मोकळे होतात. वर छताकडे कॅमेरा टांगलेला, भिंग खाली रोखलेलं. एक चित्र टिपायचं, बाहुलीचं कोपर केसभर सरकवायचं, पुन्हा एक चित्र. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशी 24 चित्रं.

बाहुल्या काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या. मान, खांदा, मनगट, गुडघा असे तुकडे कात्रीने वेगळे कापायचे आणि सांध्यात बारीक तार ओवायची. शिसं वापरण्यामागे हिशेब होता: त्याच्या वजनाने बाहुली काचेवर सपाट बसते, बोट लागलं तरी भलतीकडे घसरत नाही. चेहरा जवळून दाखवायचा असेल तर नुसता कॅमेरा खाली आणून भागत नसे. मोठं डोकं आणि मोठे हात नव्याने कापावे लागत, मागचा देखावाही त्या मापाचा लागे.

टेबल स्वस्तातलं असलं तरी फिल्म स्वस्त नव्हती. ती मिळाली महागाईच्या कृपेने. 1923 साली जर्मनीत नोटांची रद्दी होत होती. लुई हागेन नावाच्या बँकरने पैसा बुडू नये म्हणून कच्च्या फिल्मचा साठा घेऊन ठेवला होता. तो डाव काही साधला नाही. मग त्याने चोविशीतल्या रायनिगरबाईंना विचारलं, यातून पूर्ण लांबीचा चित्रपट कराल का? स्टुडिओ म्हणून पॉट्सडॅममधल्या आपल्या घराजवळच्या गॅरेजवरची खोली दिली. खोलीचं छप्पर ठेंगणं. कॅमेऱ्याला पुरेसं अंतर मिळेना, म्हणून काच जवळजवळ जमिनीला टेकवली आणि बाई मोडीत निघालेल्या एका मोटारीच्या सीटवर गुडघे टेकून काम करू लागल्या. कॅमेरा त्यांचे पती कार्ल कॉख सांभाळत. हे सुमारे तीन वर्षं चाललं.

एका काचेवर भागेना तेव्हा काचांचे थर आले. वरच्या थरावर बाहुल्या, खालच्या थरांवर देखावा. थर वेगवेगळे सरकवले की दृश्याला खोली येते. डिस्नेचा गाजलेला बहुस्तरीय कॅमेरा 1937 साली पडद्यावर आला, तो याच विचाराचा श्रीमंत अवतार. बाईंचे सहकारी बेर्टोल्ड बार्टोश यांनी पातळ अर्धपारदर्शक कागदाचे थर एकमेकांवर सरकवून समुद्राच्या लाटा उठवल्या. जादूच्या प्रसंगांसाठी दुसरे सहकारी वाल्टर रुटमान यांनी ऑस्कर फिशिंगर यांचं मेण कापायचं यंत्र आणलं. रंगीत मेणाच्या ठोकळ्याची एकेक पातळ चकती फिरत्या पात्याने उतरवायची आणि प्रत्येक कापानंतर उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचं चित्र घ्यायचं. ठोकळ्याच्या पोटात दडलेला आकार पडद्यावर धुरासारखा वळवळू लागतो. हेही यंत्र कलावंतानेच जुळवलेलं.

चित्रपटाची कथा म्हणाल तर अरेबियन नाइट्समधल्या गोष्टींची भेळ आहे, आणि आफ्रिकन जादूगाराचं चित्रण आज खटकतं. पण त्याचं रूप बदलताना सांधे ज्या चलाखीने हलतात, त्यापुढे आजची पुष्कळशी संगणकी करामत मला जड वाटते. 2 मे 1926 रोजी बर्लिनच्या फोक्सब्यूने नाट्यगृहात पहिला खेळ झाला. मूळ निगेटिव्ह पुढे हरवली. नव्वदच्या दशकात चित्रपट पुन्हा उभा राहिला तो लंडनला जपलेल्या रंगछटांच्या प्रतीवरून.

आज हे करून पाहायला टेबल फोडायची गरज नाही. दोन स्टुलांवर खिडकीची जुनी काच, तिच्यावर बटर पेपर, खाली एलईडी दिवा, आणि पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवी पट्टी टाकून तिच्या कडेला भिंग खाली रोखून बांधलेला फोन एवढ्यात भागतं. काचेच्या कडांना आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटं कापतील. खोलीतले बाकीचे दिवे बंद हवेत. पंखाही, कारण पुठ्ठ्याच्या हलक्या बाहुल्या उडतात. शिसं मात्र नको, ते विषारी असतं. हातापायांना मागून नाणं चिकटवलं तरी चालतं. फोनमधला फोकस आणि प्रकाश आपोआप बदलू देऊ नका, नाहीतर दर चित्रागणिक उजेड कमीजास्त होऊन पडदा लुकलुकतो. फोटो काढताना फोनला बोट लावलंत की चौकट हलते. वायरवाला इयरफोन जोडून त्याचं आवाजाचं बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये त्याने फोटो निघतो.