अजिंक्य अश्वाच्या हृदयाचा ताल

27 डिसेंबर 2013 रोजी, नाताळच्या सणाची वर्दळ अजून ओसरली नसताना, लंडननजीकच्या केम्प्टन पार्क मैदानावर जमलेल्या प्रेक्षकांपैकी बहुतेक जण एकाच अश्वाला पाहण्यासाठी आले होते. स्प्रिंटर साक्रे हे त्याचे नाव. 2006 साली फ्रान्समध्ये जन्मलेला, गडद तपकिरी वर्णाचा आणि उमद्या बांध्याचा हा घोडा उंच कुंपणांवरून उड्या घेत धावण्याच्या दहा शर्यतींत ओळीने अजिंक्य ठरला होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या मैदानावर त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्याला तब्बल एकोणीस लांबींनी मागे टाकले होते. अशा अश्वाचा लगाम त्याचा स्वार बॅरी गेराटी याने त्या दिवशी अर्ध्या वाटेवरच आवळला आणि त्याला शर्यतीबाहेर काढले. घोडा लंगडत नव्हता, पडलाही नव्हता. तपासणीअंती कळले की त्याच्या हृदयाचा ताल बिघडला आहे.

पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या मैदानांवर ज्या शर्यती आपल्याकडे प्रतिवर्षी होतात, त्या सपाट हिरवळीवरच्या. इंग्लंड-आयर्लंडातील हिवाळी शर्यतींत मात्र घोड्याला दोन-तीन मैलांच्या दौडीत डझनावारी कुंपणे ओलांडावी लागतात, आणि त्यामुळे तेथील विजेत्याकडून वेगाबरोबर दमाचीही अपेक्षा असते. दम म्हणजे फुप्फुस आणि हृदय. त्यांतले हृदयच डळमळले, तर बाकीच्या साऱ्या गुणांचा हिशेब तेथेच थांबतो.

नगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या तिसगावात बसून विलायतेतील एका घोड्याच्या छातीची चिंता वाहण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. जवळच मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. पुणे-नगरकडील घाटांत बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. लग्नाच्या वरातीपासून देवाच्या छबिन्यापर्यंत घोड्यावाचून आमचे चालत नाही. ज्या मुलखाने भीमथडीच्या तट्टांवर स्वार झालेल्या शिलेदार-बारगिरांच्या फौजा पाहिल्या, त्या मुलखात घोड्याचे पाय, खूर, दात आणि भोवरे पारखणारी माणसे आजही आढळतात. पण त्याच्या छातीला कान लावणारा विरळा.

हे हृदय आहे तरी केवढे? पाचशे किलो वजनाच्या शर्यतीच्या घोड्याचे हृदय सामान्यतः चार-पाच किलोंचे, म्हणजे शरीराच्या सुमारे शतांश, असते. क्वचित ते याहून पुष्कळ मोठे आढळते. इंग्लंडचा अपराजित अश्व एक्लिप्स 1789 साली मरण पावला, तेव्हा त्याचे हृदय चौदा पौंड भरले. ऑस्ट्रेलियाच्या फार लॅपचे सहा किलोंहून जड असलेले हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन करून ठेवलेले आहे. आणि अमेरिकेच्या सेक्रेटेरिएटचे 1989 साली शवविच्छेदन झाले, तेव्हा त्याचे हृदय प्रत्यक्ष तोलले गेले नसले तरी ते बावीस पौंडांचे असावे असा तपासणाऱ्या वैद्याचा अंदाज होता. परंतु आकारापेक्षाही विस्मयकारक आहे ते या अवयवाचे सामर्थ्य. ठाणावर स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते, आणि तेच भरधाव दौडीत दोनशेवीसच्याही पुढे जाते. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस लिटर रक्त पुढे ढकलणारा हा पंप त्या वेळी अडीचशे लिटरांहून अधिक रक्त फिरवतो. शिवाय प्लीहेत साठवून ठेवलेल्या तांबड्या पेशींची शिबंदीही आणीबाणीच्या क्षणी रक्तप्रवाहात उतरते. निसर्गाने एवढी तजवीज दुसऱ्या फारच थोड्या प्राण्यांसाठी केली असेल.

या मोठेपणातच दुखण्याचे एक मूळ दडलेले आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना, म्हणजे अलिंदांना, आकुंचनाची आज्ञा देणारी विद्युल्लहर एका ठराविक स्थानी उगम पावून क्रमाने सर्वत्र पसरते. घोड्याचे अलिंद इतके विस्तीर्ण असतात की ही लहर वाटेत फुटून, वळून, पुन्हा पुन्हा त्याच स्नायूंत भ्रमण करीत राहण्यास तेथे वाव मिळतो. आणि मग, दिंडीतल्या प्रत्येक टाळकऱ्याने पखवाजाकडे दुर्लक्ष करून आपापला ठेका धरावा, तसे अलिंदाचे स्नायुतंतू विस्कळीतपणे थरथरू लागतात. या विकाराला अलिंद-कंपन म्हणता येईल. घोड्यांतील अनियमित नाडी आणि हे कंपन यांचा संबंध इंग्लंडमधील हृदयतज्ज्ञ थॉमस ल्यूइस यांनी 1911 सालीच दाखवून दिला होता. माणसांत हा विकार बहुधा उतारवयात किंवा आधीच जीर्ण झालेल्या हृदयात दिसतो. घोड्यांत तो तरुण, धडधाकट आणि ऐन उमेदीतल्या प्राण्यालाही गाठतो.

त्यातली फसवी गोष्ट अशी, की ठाणावर उभा असताना असा घोडा आजारी दिसतच नाही. तो चंदी खातो, कान टवकारतो, खरारा करून घेतो, दुडक्या चालीने हिंडतो. खालच्या कप्प्यांत उतरणाऱ्या रक्ताचा बहुतांश ओघ विश्रांतीच्या वेळी आपोआपच होत असल्यामुळे अलिंदांचा असहकार त्याला जाणवत नाही. परंतु दौड सुरू झाली आणि दोन ठोक्यांमधला अवकाश क्षणार्धापेक्षाही कमी उरला, म्हणजे अलिंदांनी नेटाने ढकलल्यावाचून खालचे कप्पे पुरते भरत नाहीत. रक्त अपुरे पडते, स्नायू थकतात, आणि ज्याने काल सर्वांना मागे टाकले तो घोडा आज एकाएकी मागे पडतो. केम्प्टनला घडले ते हेच.

निदानाची पहिली पायरी मात्र साधी आहे. घोड्याच्या डाव्या बाजूस, पुढच्या पायाच्या कोपरामागे, श्रवणनलिका टेकवावी आणि घाई न करता ऐकत राहावे. निरोगी, कसलेल्या घोड्यातही तीन-चार ठोक्यांनंतर एखादा ठोका गळतो आणि क्षणभर शांतता पसरते. ऐकणारा नवखा असेल तर त्याच्या पोटात गोळा येतो. पण ही गळती बहुधा नियमाने होते, आणि घोडा थोडा पळवला की नाहीशी होते. ती विश्रांत हृदयाची रीत आहे, रोग नव्हे. अलिंद-कंपनात मात्र कोणताच नियम उरत नाही: दोन ठोके लगोलग, मग दीर्घ विराम, मग तीन निरनिराळ्या अंतरांचे. हृदयाचा विद्युत्-आलेख काढला की शंकेचे निरसन होते.

आता आशेचा प्रश्न. पुष्कळदा हे कंपन एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. न थांबल्यास उपाय दोन. पहिला जुना: ज्या सिंकोना वृक्षाच्या सालीतून हिवतापावरचे कोयनेल निघते, त्याच सालीतले क्विनिडीन हे औषध. ते तोंडाला झोंबते, व्रण पाडते; म्हणून नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घालून ते पाण्याबरोबर सोडतात, दर दोन तासांनी एक मात्रा, आणि छातीला लावलेल्या तारांवरून आलेखावर अखंड नजर ठेवतात. नाकपुड्या सुजल्या, पोटशूळ उठला, ठोके भलतेच धावू लागले, तर औषध तेथेच आवरावे लागते, कारण क्वचित या उपचाराने घोडा दगावलाही आहे. दुसरा उपाय नवा, या शतकाच्या आरंभी कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात विकसित झालेला: मानेच्या शिरेतून दोन बारीक तारा हृदयापर्यंत नेऊन, घोड्याला भूल देऊन, योग्य क्षण साधून विजेचा झटका द्यायचा. विकार ताजा असेल आणि झडपा व स्नायू निर्दोष असतील, तर यशाची आशा चांगली. तो महिनोन्‌महिने मुरलेला असेल, तर तितकी नाही. ताल सुधारल्यावरही तो पुन्हा बिघडण्याचे भय राहतेच.

स्प्रिंटर साक्रेचा ताल एक-दोन दिवसांत पूर्ववत झाला. परंतु त्याचे प्रशिक्षक निकी हेंडरसन यांनी घाई केली नाही, हे मला या साऱ्या हकिकतीतले सर्वांत मोलाचे वाटते. सीलिया मार यांच्यासारख्या अश्व-हृदयतज्ज्ञांनी त्याची तपासणी केली. मार्च 2014ची चेल्टनहॅमची शर्यत त्याला सोडावी लागली, आणि एक वर्षाहून अधिक काळ तो मैदानाबाहेर राहिला. जानेवारी 2015मध्ये तो परतला तो दुसरा आला. मार्चमध्ये पुन्हा अर्ध्यावरून काढून घ्यावा लागला. तेव्हा त्याला आता कायमचा मोकळा सोडावा असे अनेकांनी म्हटले, आणि ते अवाजवी नव्हते. पण त्या नोव्हेंबरात चेल्टनहॅमला तो जिंकला, डिसेंबरात केम्प्टनच्या त्याच शर्यतीत जिंकला, आणि 16 मार्च 2016 रोजी, नीको द बॉइनव्हिल या तरुण स्वाराला पाठीवर घेऊन, त्याने तीन वर्षांपूर्वीचा आपला चेल्टनहॅमचा मान परत मिळवला. पुढच्याच महिन्यात सँडाउनला तो पंधरा लांबींनी जिंकला, आणि पायाच्या दुखापतीमुळे त्या नोव्हेंबरात सन्मानाने निवृत्त झाला. त्याच्याही आधी, चेल्टनहॅमचा 2008 सालचा गोल्ड कप जिंकणारा डेनमन हा घोडा याच विकाराने ग्रासला गेला होता. उपचारानंतर 2009च्या मार्चमध्ये तो त्याच शर्यतीत दुसरा आला आणि नोव्हेंबरात न्यूबरीची हेनेसी शर्यत जिंकला.

प्रत्येक घोड्याच्या नशिबी असे पुनरागमन नसते, आणि ताल न सुधारलेल्या घोड्याला दौडीत उतरवणे हे स्वाराच्याही जिवाशी खेळणे आहे. म्हणून आपल्याकडील घोडेमालकांना एवढीच विनंती, की घाटात चांगली पळणारी घोडी एकाएकी मागे पडली, किंवा टांग्याचा घोडा चढावर मध्येच उभा राहिला, तर त्याला आळशी ठरवून चाबूक उचलू नये. त्याला तत्काळ थांबवावे, सावलीत न्यावे, जीन-खोगीर सैल करावे, आणि पशुवैद्यकाकडून पाय व खुरांबरोबर त्याचे हृदयही तपासून घ्यावे. ठोके बेताल आढळल्यास आलेख काढण्याची सोय जेथे असेल त्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याला न्यावे, आणि ताल सुधारल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत त्याला गाडीला अथवा शर्यतीला जुंपू नये.