पिशवी काढायलाच हवी का?

गर्भपिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल, असं बीडच्या कितीतरी ऊसतोड बायकांना सांगितलं गेलं. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. डोक्यावर मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, कामाचा एक खाडा झाला की दंड. अशा बाईला पाळीच नकोशी झाली तर नवल नाही. पण ते ऑपरेशनचं वैद्यकीय कारण नव्हे.

कॅन्सर नसेल तर कारणं मोजकीच: त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, रक्त कमी होईपर्यंत अंगावर जाणं, अंग बाहेर येणं. तेही बहुतेकदा साधे उपाय थकल्यावर. नुसतं पांढरं जात असेल तर जंतुसंसर्ग तपासावा. तो गोळ्यांनी बरा होतो. जास्त रक्तस्रावावर ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधनही आहे. पिशवीसोबत अंडाशयंही गेली, तर तिशीतल्या बाईलाही रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. हे संमतीपत्रावर सही घेताना फारसं कुणी सांगत नाही.

तेव्हा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्या आणि विचारा, ऑपरेशनाआधी कोणता उपाय करून पाहता येईल? धड उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.