गुडघ्याचा वेग आणि घोळक्याचा वेग

सायकल चालवणाऱ्याला नाशिकच्या इंदिरानगरात राहण्याचा एक फायदा आहे. पहाटे वडाळा-पाथर्डी रस्त्याला लागलं की पाथर्डी फाटा आणि पांडवलेणी जेमतेम चार-पाच किलोमीटरवर, आणि तिथून पुढे मुंबईचा रस्ता मोकळा. त्र्यंबकची बाजू धरायची तर शहर ओलांडावं लागतं, पण रविवारी सकाळी सहाला त्याचं कोणाला काही वाटत नाही. म्हणून या भागात चार-सहा जणांचे घोळके सहज जमतात. त्यातल्या एखाद्याचा गुडघा दुखावतो, शस्त्रक्रिया किंवा सक्तीची विश्रांती होते, काही महिने जातात आणि तो डॉक्टरांना विचारतो, ‘सायकल कधीपासून चालवू?’ प्रश्न रास्तच आहे, पण अर्धवट आहे. किती आठवड्यांनी, याचं उत्तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट देतील. कोणाच्या वेगाने, हे मात्र रस्त्यावर ठरतं, आणि बहुतेक वेळा ते गुडघा दुखावलेला माणूस ठरवत नाही. माझ्या मते दुखापतीनंतर सायकलकडे परतणं फसतं ते बव्हंशी इथे.

सायकल गुडघ्याला सोसते, ही समजूत खरी आहे आणि तिला चांगला आधार आहे. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांतच मापक बसवून रोजच्या हालचालींत सांध्यावर किती भार येतो ते मोजलं. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरला, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. स्थिर सायकलवर ६० वॅट इतक्या बेताच्या श्रमाला तो वजनाच्या सव्वापटीच्याही थोडा आतच राहिला. ही मापं कृत्रिम सांधा बसवलेल्या मोजक्या रुग्णांची आहेत, लिगामेंट तुटलेल्या तरुणाची नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं. पण लिगामेंटबद्दलही वेगळा पुरावा आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या गटाने १९९८ मध्ये गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटवर, म्हणजे ज्याला आपण सर्रास एसीएल म्हणतो त्यावर, पायडल मारताना किती ताण येतो ते मोजलं. तो दोन टक्क्यांच्याही आत निघाला आणि श्रम वाढवले तरी फारसा बदलला नाही. मग भीती कसली?

भीती आहे ती याच बर्लिनच्या मापांमधल्या दुसऱ्या निष्कर्षात. श्रम वाढले की सांध्यावरचा भार वाढतो. आणि श्रम तेवढेच ठेवून पायडल भरभर फिरवलं तर भार उतरतो. सायकल सौम्य आहे ती आपोआप नव्हे, तर गिअर हलका आणि वेग आपल्या हातात असेल तेव्हा. हिशेबच मांडू. सायकलसह ८५ किलो वजन पाच टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने न्यायला ढोबळमानाने शंभर वॅट लागतात. ताशी १२ ने नेलं तर दीडशेच्या वर. पुढे आणि मागे ३४-३४ दात्यांचा गिअर असेल तर ताशी ८ ला पायडल मिनिटाला साठ-पासष्ट फेरे घेतं. साध्या बिनगिअरच्या सायकलवर, पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर त्याच वेगाला फेरे पंचविसाच्या आसपास येतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात अडीच पट जोर. चढ तोच, माणूस तोच, वेगही तोच. जुनी दणकट सायकल घराच्या जिन्याखाली पडून आहे म्हणून तिच्यावरूनच सुरुवात करू, हा काटकसरीचा विचार गुडघ्याला महाग पडू शकतो.

सीटचंही तसंच. दुखापतीनंतर पाय चटकन जमिनीला टेकावा म्हणून माणूस सीट खाली घेतो. भीती समजण्यासारखी आहे, पण सीट जितकी खाली तितका गुडघा जास्त वाकतो आणि वाटीच्या मागे दाब तितका वाढतो. पायडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा, हा सर्वसाधारण संकेत आहे. एवढं जमवायला सायकलच्या दुकानात दहा मिनिटं पुरतात.

आता गुडघ्याची खोड पाहा. तो उत्तर उशिरा देतो. स्नायू दमला तर तिथल्या तिथे कळतं, दम लागला तर लगेच कळतं. सांध्याने जास्तीचं काम केलं की सूज बऱ्याचदा संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. ही सूज नुसती दुखरी नसते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यांत थोडंथोडं क्षारयुक्त पाणी सोडून पाहिलं, तेव्हा अवघ्या २० ते ३० मिलिलिटरला मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू, वाटीला सरळ ओळीत ठेवणारा, ढिला पडू लागला. म्हणजे चार-पाच चमचे पाणी. माणसाने ठरवून जोर लावायचा म्हटलं तरी मज्जासंस्था तो स्नायू आवरून धरते. मग चढावर वाटीची ओळ सुटते, ती आणखी दुखते, आणखी सूज येते. यात डोळ्यांआड राहणारी गोष्ट अशी, की घोळक्यात वेग सेकंदासेकंदाला ठरतो आणि गुडघ्याचा निकाल चोवीस तासांनी लागतो. ‘मला काही दुखत नाहीये’ असं विल्होळीच्या पुढे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे तेव्हा माहितीच नसते.

इथे अनुभवी सायकलस्वार हमखास एक आक्षेप घेतात. म्हणतात, घोळका उलट सोपा असतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की वारा लागत नाही, श्रम वाचतात. सपाटीवर ताशी तीसच्या वेगात हे नि:संशय खरं आहे. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी पंधराला वाचवण्यासारखं थोडंच उरतं, आणि चढावर तर झुंजायचं असतं ते वजनाशी; पुढचा माणूस तुमचं वजन उचलत नाही. एक अपवाद आपल्याकडे मोठा आहे. त्र्यंबक नाशिकच्या पश्चिमेला, आणि पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. ताशी पंधराने जाताना समोरून ताशी पंधराचा वारा असला तर हवेचा अडथळा चौपट होतो. जुलैत अंजनेरीकडे जाताना मित्राची पाठ खरोखरच कामाची. मात्र ती कोणत्या जागेवरून मिळते, हे महत्त्वाचं. बरा होणारा माणूस संकोचाने सगळ्यांच्या शेवटी राहतो, आणि ओळीतली सर्वांत वाईट जागा तीच. पुढचा गतिरोधकासाठी किंचित वेग कमी करतो, दुसरा थोडा जास्त, तिसरा आणखी. शेवटच्याला जवळजवळ थांबावं लागतं, आणि मग सुटलेलं अंतर भरून काढायला जोराने पायडल दाबावं लागतं. दर वळणाला, दर खड्ड्याला हेच. सरासरी वेग सगळ्यांचा सारखा, झटके मात्र शेवटच्याच्या वाट्याला. त्याला दुसऱ्या जागेवर घ्यावं आणि पहिल्याने मागच्याचे पायडलचे फेरे पाहून वेग धरावा. संकोच होतोच, तो गिळायचा.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: मग काही महिने एकट्यानेच चालवा, किंवा घरी स्थिर सायकल लावा. पहिल्या आठवड्यांत हे अगदी योग्य, कारण स्थिर सायकलवर जोर मोजून लावता येतो आणि पडायचा प्रश्न नसतो. पण तिथेच थांबलं तर काय होतं, त्याचा अंदाज एका मोठ्या आढाव्यावरून येतो. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या हजारो लोकांच्या नोंदी एकत्र करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले होते, पण दुखापतीपूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच, आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. मनाची तयारी असलेल्यांची परतण्याची शक्यता अधिक होती. हे आकडे सायकलपुरते नाहीत, पळण्या-वळण्याच्या खेळांचेही त्यात आहेत. तरी सांधा जुळला म्हणून माणूस परततोच असं नाही, इतकं त्यावरून म्हणता येतं. भीती घरातल्या यंत्रावर जात नाही. ती रस्त्यावर, ओळखीच्या माणसांत जाते. शिवाय पंक्चर झालं, गुडघा अडकला, चेन उतरली तर सोबत कोणी असणं हा ऐषाराम नव्हे, सोय आहे. म्हणून मी मित्र सोडा असं म्हणत नाही. मित्रांनी थोडं बदलावं, असं म्हणतो.

यावर मित्रांची बाजू असते, आणि ती ऐकायला हवी. आठवड्यातून एकदाच वेळ मिळतो, एका माणसासाठी पाच जणांनी रखडावं का? त्यात नाशिकच्या सायकलिंगची प्रतिष्ठा अंतरावर उभी आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी, जवळपास ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकलाच नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. दरवर्षी पंढरपूरला सायकल वारी जाते. अशा गावात ‘आज किती झाले?’ हाच प्रश्न विचारला जाणार. पण याच परंपरेत उलट पुरावाही आहे. महाजन बंधूंनी ते अंतर कापलं ते आलटून पालटून. एक चालवताना दुसरा विसावा घेत होता. आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब फेरीला, मुदत असते साडेतेरा तासांची, म्हणजे थांब्यांसह ताशी पंधराच्या आत. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे नियमच वेगाची घाई करत नाहीत. घाई करतो तो मोबाइलमधला आलेख आणि रविवार सकाळची खुमखुमी.

आणि रखडण्याची गरजही नाही, रस्ता नीट निवडला तर. त्र्यंबकला जाऊन येणं म्हणजे एकदा निघालं की अंतर ठरलेलं. मध्येच परतायचं तर माणूस एकटा पडतो. त्याऐवजी इंदिरानगर, पाथर्डी फाटा, पांडवलेणी आणि परत असा छोटा फेरा धरला तर दमदार मंडळी तीन फेरे मारतील, बरा होणारा एक मारेल, आणि मिसळीला सगळे एकत्र बसतील. मिसळीला कोण किती किलोमीटर चालवून आलं, याने तर्रीत काही फरक पडत नाही. हा फेरा दोन-तीनदा झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नाही, जिना नेहमीसारखा चढता आला, की मग अंतर वाढवावं. आधी अंतर, नंतर चढ, वेग सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवल्या तर सूज कशाने आली ते कळत नाही.

छोट्या फेऱ्याचा एक तोटाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. शहरातला रस्ता म्हणजे थांबणं आणि निघणं. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी कोंडीत अडकलं की चार वेळा पाय टेकवावा लागतो. एसीएल दुखावलेल्याला धोका पायडल मारण्यात कमी आणि यात जास्त आहे: तोल जाऊन अचानक टेकलेला पाय, त्यावर वळलेलं शरीर, म्हणजे लिगामेंट तुटतं तीच हालचाल. बुटाला अडकणारी पायडलं सोडवायलाही टाच बाहेर मुरडावी लागते, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत साधी, सपाट पायडलं बरी. थांबण्याआधीच गिअर हलका करून ठेवावा, कारण उभ्या सायकलवर तो बदलत नाही आणि जड गिअरमध्ये पहिला दाब गुडघ्यावरच येतो. चांगला पाय आधी टेकायची सवय लावावी. बोगदा टाळता येईल इतक्या लवकर निघावं. साडेपाचला निघालेल्या घोळक्याला तो मोकळा मिळतो, साडेसातच्या घोळक्याला नाही.

गुडघा मध्येच अडकत असेल, पाय टाकताना दगा देत असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर गिअर आणि सीटची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. पोटरीच्या बाबतीत त्याच दिवशी. घोळक्यातल्या बाकीच्यांनी सोमवारी सकाळी एक संदेश टाकावा: किती किलोमीटर झाले हा नव्हे, गुडघा आज कसा आहे हा. उत्तर ‘जरा सुजलाय’ असं आलं, तर पुढच्या रविवारचा कसारा घाट रद्द होतो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करायची नाही. घाट पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असेल, इगतपुरीपर्यंतचा रस्ताही.