विषय हाती असतो, प्रश्न शोधावा लागतो

‘१९७२चा दुष्काळ’ असे वहीवर लिहिले की प्रकल्पाचा विषय ठरतो, प्रश्न ठरत नाही. विषयावर माहिती गोळा करता येते. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर खोटेही ठरू शकले पाहिजे. ‘दुष्काळाचे परिणाम’ हे महाविद्यालयांतले लाडके शीर्षक याच कसोटीवर नापास होते.

विषयाला स्थळ, काळ आणि माणसे जोडली की तो आवळत जातो. ‘दुष्काळी कामांवर बायका जास्त का होत्या?’ हा प्रश्न ऐकायला बरा वाटतो, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. म्हणून ‘का’च्या आधी ‘खरेच तसे होते का’ हे तपासावे लागते. त्यासाठी एका तालुक्यातले खडी फोडण्याचे किंवा पाझर तलावाचे काम, त्यावरचे हजेरीपट आणि मजुरांच्या घरची जमीन एवढे पाहणे आले. हजेरीपट मिळण्यासारखे नसतील तर प्रश्न कितीही चांगला असो, एका सत्राच्या प्रकल्पाला तो निरुपयोगी आहे.

शोध खरा अडतो तो शब्दांपाशी. ‘फॅमिन’ हा शब्द घालून सरकारी कागद धुंडाळणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही, कारण १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून तो शब्द वगळला आणि त्याजागी ‘स्कॅर्सिटी’ आणला. मराठी कागदांत म्हणूनच दुष्काळाबरोबर ‘टंचाई’ आणि ‘अवर्षण’ही शोधावे लागते. दुष्काळी कामे आणि रोजगार हमी योजना यांचीही गल्लत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. १९७२-७३च्या टंचाईकामांचे आकडे त्याच्या खाती घालता येत नाहीत.

असे समानार्थी शब्द ‘ऑर’ने आणि वेगळे घटक ‘अँड’ने जोडावेत, पूर्ण पदबंध अवतरणचिन्हांत टाकावा. हे तंत्र तासाभरात जमते. ‘शोधगंगा’वरच्या मराठी प्रबंधांना मात्र ते नेहमी लागू पडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर स्वच्छ वाचता येतो, पण शोधयंत्राला त्यात अक्षरेच सापडत नाहीत. अशा वेळी शीर्षक आणि अनुक्रमणिका डोळ्यांनी चाळण्याला पर्याय नाही. मराठी शीर्षके कधी रोमन लिपीतही नोंदलेली असतात, म्हणून दोन्ही लिप्यांत शोधावे.

एक चांगला लेख सापडला की पुढचे काम सोपे होते. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९८० साली कुमुदिनी दांडेकर आणि साठे यांनी रोजगार हमीवर लिहिलेला लेख घ्यावा. त्याच्या तळटिपांवरून मागे जाता येते; गूगल स्कॉलरवर तो कोणी उद्धृत केला हे पाहून पुढे येता येते. दांडेकर यांचाच योजनेवरील स्त्री-मजुरांचा अभ्यास याच वाटेवर भेटतो.

कोणत्या दिवशी, कुठे, कोणते शब्द घालून शोधले याची नोंद ठेवायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. पण ती नसली की तोच शोध पुन्हा केला जातो. तीच नावे आणि तेच आकडे परत परत समोर येऊ लागले की शोध थांबवावा आणि प्रश्नाचे वाक्य पुन्हा लिहावे. सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे अजून गावोगावी भेटतात. त्यांना विचारायचे प्रश्न हे सुधारलेले वाक्य समोर ठेवून काढावेत.