डांग्या खोकला : रक्ताची तपासणी केव्हा उपयोगी, केव्हा नाही

मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत डांग्या खोकला हे नाव अपरिचित नाही. मुलाला खोकल्याची उबळ येते, मध्ये श्वास घेण्यास उसंत मिळत नाही, चेहरा लालबुंद होतो आणि शेवटी हवा आत ओढताना विशिष्ट आवाज होऊन बहुधा उलटी होते. जपानमध्ये या रोगास 'शंभर दिवसांचा खोकला' असे म्हणतात व त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. रोगाचा जंतू बोर्डे व झांगू या बेल्जियन शास्त्रज्ञांनी १९०६ साली प्रथम प्रयोगशाळेत वाढविला. आपल्याकडे १९७८ पासून विस्तारित व १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातून त्रिगुणी लस, आणि पुढे तान्ह्या बाळांसाठी पंचगुणी लस दिली जाऊ लागल्यावर रोगाचे प्रमाण पुष्कळ घटले. तथापि तो नाहीसा झालेला नाही. लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही वर्षांनी ओसरते, आणि ज्यांची मात्रा चुकली ती मुले उघडीच राहतात.

नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार किंवा लातूर जिल्ह्यातील जळकोट या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात व हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्या मुलांच्या लसीच्या नोंदी अनेकदा अर्धवट राहतात. असे मूल महिनाभर खोकत गावी आले, तर वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : हा डांग्या खोकला आहे, की दुसरे काही?

येथे रोगाचा कालक्रम ध्यानात घ्यावयास हवा. खोकला सुरू झाल्यापासून पहिले दोन आठवडे जंतू नाकाच्या मागील भागात भरपूर असतात. तेथून बारीक काडीने घेतलेला नमुना प्रयोगशाळेत वाढविता येतो. पी.सी.आर. या तपासणीने जंतूचा अंश आणखी एक-दोन आठवडे सापडू शकतो. पुढे मात्र जंतू नाहीसे होतात, खोकला तेवढा उरतो. शिवाय हा जंतू नाजूक आहे. योग्य माध्यमात ठेवला नाही, किंवा उन्हाळ्यात किनवट-माहूरकडील तांड्यावरून नमुना पोचण्यास उशीर झाला, तर तो वाटेतच मरतो आणि 'जंतू आढळला नाही' असा फसवा अहवाल येतो.

रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते ती याच टप्प्यावर. हा जंतू एक विष निर्माण करतो व त्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनविते. त्यांना वाढण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून खोकल्याच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत घेतलेले रक्त अधिक बोलके असते. शिरेतून थोडे रक्त घेऊन ते गोठू देतात, वरचे रक्तजल वेगळे करून थंड पेटीतून पाठवितात आणि एलायझा पद्धतीने प्रतिपिंडांचे प्रमाण मोजतात. जंतू जिवंत ठेवण्याची कटकट यात नाही, हा ग्रामीण भागाच्या दृष्टीने मोठाच लाभ होय.

लहान मुलांतील अडचण

परंतु ही तपासणी सर्व वयांत सारखी विश्वसनीय नाही, आणि नेमकी ज्यांना रोगाचा सर्वाधिक धोका, त्या तान्ह्या बाळांतच ती सर्वात लंगडी पडते. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. बाळाचे स्वतःचे शरीर ती पुरेशी बनवीलच असे नाही. दुसरे म्हणजे, प्रतिपिंडे लसीमुळे आली की रोगामुळे, हे तपासणी सांगू शकत नाही. म्हणून लस घेऊन वर्ष झाले नसेल तर अहवालाचा अर्थ लावू नये, असा दंडक आहे. आता वेळापत्रक पाहा : ६, १० व १४ आठवड्यांस पंचगुणी लस, पुढे १६ ते २४ महिन्यांत त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा. वेळेवर लस घेतलेल्या मुलाबाबत हा हिशेब मांडला, तर अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत या तपासणीस जवळजवळ वावच उरत नाही! ती खरी कामाची आहे ती त्याहून मोठ्या मुलांत, आणि ज्यांना लस मिळालीच नाही अशांत.

तान्ह्या बाळाची लक्षणेही वेगळी असतात. त्याला तो परिचित आवाज कित्येकदा येतच नाही. श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात. अशा बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातील मोठी शासकीय रुग्णालये होत. बाळाच्या नाकातील नमुना घेणे योग्य. साध्या रक्ततपासणीत लसिकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या दिसल्या तर संशय बळावतो. उपचार मात्र अहवालासाठी अडवून ठेवू नयेत. प्रतिजैविक औषध लवकर दिले तरच रोगाचा जोर थोडा कमी होतो; उशिरा दिले तर संसर्ग थांबतो, खोकला आपल्या गतीनेच जातो.

बाळाला रोग बहुधा घरातूनच लागतो, आणि येथे प्रतिपिंडांची तपासणी आडवळणाने बाळाच्याही उपयोगी पडते. आठ-दहा वर्षांचा भाऊ किंवा स्वतः आई महिनाभर खोकत असेल, आणि अलीकडे लस घेतलेली नसेल, तर त्यांच्या रक्तात उच्च प्रमाण आढळल्यावर रोगाचा उगम कळतो. मग घरातील इतरांना औषध द्यावयाचे की नाही, हे डॉक्टर ठरवू शकतात. गरोदरपणी शासकीय कार्यक्रमात दिली जाणारी धनुर्वात-घटसर्पाची लस डांग्या खोकल्यापासून संरक्षण देत नाही, हेही मातांनी जाणून असावे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, उबळीनंतर उलटी किंवा श्वास ओढताना आवाज, यांपैकी काही दिसल्यास आशा कार्यकर्ती वा आरोग्य सेविकेस कळवावे. दवाखान्यात जाताना माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे, कारण लसीची शेवटची मात्रा कोणत्या तारखेस झाली हे ठाऊक असल्याखेरीज प्रयोगशाळेच्या अहवालातील आकड्याचा अर्थ डॉक्टरांनाही लावता येत नाही. ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांनी हे कार्ड गावी पेटीत न ठेवता सोबत घ्यावे. राहिलेली मात्रा कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रातही मिळू शकते.