पुराच्या आधी निरोप पोचावा म्हणून

दवंडी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कोतवाल हलगी वाजवीत गावातून फिरायचा, चावडीपुढे उभा राहायचा आणि सांगायचा. त्याच्या सांगण्यात चार गोष्टी हटकून असत. निरोप कुणाचा, काय घडणार, कधी घडणार आणि आपण काय करायचं. गाव लहान; एका हलगीत काम भागे. पण लाखो माणसांच्या शहरावर रात्रीतून संकट आलं, तर दवंडी कुणी पिटायची आणि ती शेवटच्या घरापर्यंत पोचायची कशी? आज याच गोष्टीचा विचार करू. शहराच्या गोष्टीशी आपलं काय नातं, असं मात्र कुणी म्हणू नये. नदी शहराची आणि गावाची एकच असते, आणि आपली मुलंबाळं शिकायला, कामधंद्याला शहरातच असतात.

प्रथम पुण्याची गोष्ट घ्या. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. धरणाचं सगळं काम पुरं झालेलं नव्हतं आणि त्या पावसाळ्यात पाणी चढत गेलं. धोका आदल्या दिवशीच तिथल्या लोकांच्या ध्यानात आला होता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सावरण्याची शिकस्त केली. तरी ते फुटलं. खालचं खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांतून शिरलं. आता विचार करा. पानशेतपासून पुणं सुमारे ४० किलोमीटर. पाण्याला शहर गाठायला काही तास लागले. जवानांनी झुंजून मिळवलेली रात्र आणि पाण्याच्या वाटेतले हे तास, एवढा अवधी हातात होता. पण पुष्कळ पुणेकरांना बातमी कळली ती शेजाऱ्याच्या तोंडून, नाहीतर दारात आलेल्या पाण्यावरून. पाणी वाटेतच होतं. निरोप मात्र त्याच्या पुढे धावला नाही.

म्हणून इशाऱ्याची पहिली कसोटी वेळेची. उशिरा आलेला खरा निरोपही फारसा उपयोगाचा नसतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथं लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी चढल्यावर बाहेर पडणं किती जोखमीचं असतं, हे त्यावरून कळावं. कोरड्या रस्त्यानं चालत निघता येतं तोवरच निघणं शहाणपणाचं.

दुसरी कसोटी नेमकेपणाची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला झाला अवघा ७३ मिलिमीटर! शहर एक, दिवस एक. पण एकीकडे प्रलय आणि दुसरीकडे नेहमीचा पाऊस. अशा वेळी ‘मुंबईत पाऊस पडेल’ एवढं सांगून कुणाचं भागणार? त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले, ते एवढ्यासाठीच.

तिसरी कसोटी समजण्याची. ‘धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडलं’ असं आपण ऐकतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. हिशेब बरोबर आहे. पण माझ्या उंबऱ्याला पाणी लागेल की नाही, ते त्यातून उमगत नाही. सांगलीकरांनी यावर सोपा तोडगा धरला आहे. तिथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी हेच आकडे ३९ आणि ४३ असे आहेत. नदीकाठच्या जुन्या रहिवाशाला विचारा, ‘किती फुटाला तुमच्या गल्लीत पाणी येतं?’ तो चटकन सांगेल. रेडिओवर आकडा ऐकला की तो गाठोडं बांधायला लागतो. आकड्याची आणि आपल्या घराची अशी गाठ पडली, म्हणजेच इशारा समजला.

हवामान खात्याचे रंगही असेच समजून घ्यावेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. मात्र हा रंग बहुधा साऱ्या जिल्ह्याला धरून असतो. आपल्या ओढ्यावर, आपल्या पुलावर काय चाललं आहे, ते आपणच पाहायचं.

आता निरोपाच्या वाटा पाहू. भोंगा, पोलिसांच्या गाडीवरचा ध्वनिक्षेपक, देवळातला किंवा मशिदीतला कर्णा, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि हातातला मोबाइल. मोबाइलवर मोठा आवाज करून सरकारी इशारा येतो, त्याची चाचणी २०२३ मध्ये देशभर झाली. मनोऱ्याच्या टापूत असलेल्या साऱ्या फोनवर तो एकदम उमटतो. एकेकाला फोन लावत बसावं लागत नाही. पण वीज गेली, मनोरा बंद पडला, की तीही वाट खुंटते. तेव्हा सेलवर चालणारा साधा रेडिओ कामी येतो. सांगायचं काय, तर एकाच वाटेवर विसंबून राहू नये.

आणि अफवेचं काय? अधिकृत निरोप जिथं पोचत नाही, तिथंच अफवा शिरते. ती ओळखायची खूण आपल्या दवंडीतच आहे. निरोप कुणाचा, हे त्यात नसतं. वेळ नसते, ठिकाण नसतं. ‘धरण फुटलं, पळा’ असं कानावर आलं तर दुसऱ्याला सांगण्याआधी विचारून खात्री करावी. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. मुंबई महापालिकेचा १९१६. कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी ११२. मात्र पाणी डोळ्यांदेखत चढत असेल, तर फोनची वाट पाहू नये. आधी उंचावर जावं.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटचं काम तुमचं आहे. बहिऱ्या आजोबांना भोंगा ऐकू येत नाही. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाला गावाची बोली नि गावची उंच जागा ठाऊक नसते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे मोबाइल नसतो. अशा घरांपर्यंत कोणतंही यंत्र निरोप नेत नाही, माणूसच नेतो. पावसाळ्याआधी एक तास यासाठी द्या. मुलांकडून गावचा नकाशा काढवा. मागच्या पुराची खूण कुठवर होती, ते वडीलधाऱ्यांना विचारून त्यावर मांडा. कोणत्या घरी कुणी जाऊन सांगायचं, त्याची यादी करा आणि ती ग्रामपंचायतीत लावा. मग पाणी रात्री आलं तरी कुणाचं दार ठोठवायचं राहून जाणार नाही.